परदेशी कायमचं निघताना लोकांची मदत घ्यावी की नको?

ठाण्यातलं एक बेने इस्राएल (महाराष्ट्रातले मराठी बोलणारे ज्यू) कुटुंब अलिया करणार होतं, म्हणजे श्रद्धेपोटी इस्राएलला कायमचं राहायला निघालं होतं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) कागदपत्रांची धावपळ संपत आली, तरी घरातल्या बाईंना झोप लागेना. "काकू डबा पाठवतात, कुणी पाकीट देतं, कुणी सामान बांधायला येतो म्हणतं. फेड करायला मी इथे नसणार. मग घेऊ कशी?" म्हणून त्या सगळ्यांनाच 'काही नको' म्हणत राहिल्या. शेवटी शेजारच्या काकूंनी बोलणंच सोडलं.

ही घालमेल नेहमीची. शेजारधर्मात वाटी रिकामी परत जात नाही, आणि निघणाऱ्याला ती भरून देण्याची संधी उरत नाही. त्यात श्रद्धाळू माणसाला आणखी एक टोचणी असते: देवावर भरवसा ठेवून निघालो, मग माणसांपुढे हात कशाला? बाईंना त्यांच्याच परंपरेतलं उत्तर पटलं. तालमूद या ज्यू धर्मग्रंथानुसार दान पैशाने होतं आणि गरिबाला दिलं जातं. दयाळूपणा मात्र पैशाने होतो तसा अंगमेहनतीनेही, आणि तो गरीब-श्रीमंत दोघांसाठी असतो. काकूंचा डबा हे दान नव्हतंच.

पुढचं सगळं व्यवहाराचं होतं. 'काही लागलं तर सांगा' याला 'हो, सांगते' म्हटलं की विषय तिथेच संपतो. त्याऐवजी तासाभरात होणारं एकच काम सांगायचं: जन्मदाखल्यांच्या झेरॉक्स, अपोस्टिल (परदेशात चालावेत म्हणून सरकारी प्रमाणीकरण) झालेले कागद आणणं, गॅस सिलिंडर परत करायला सोबत. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या पवित्र दिवशी, बांधाबांध करत नाही, रविवारी या, हेही आधीच सांगायचं. नाहीतर शनिवारी दारात आलेला माणूस दुखावून परत जातो.

स्वयंपाकघर बांधून झाल्यावर डब्याला नकार देऊच नये. तुपातले लाडू चालत होते, फक्त मटणाच्या जेवणाबरोबर नाही, कारण ज्यू आहारनियमात दूध-तूप आणि मांस एकत्र खात नाहीत. एवढं सांगितलं की देणारा पुढच्या वेळी स्वतःच विचारतो.

खरा घोळ होतो तो सोबत न्यायच्या वस्तूंचा. काकूंनी मलिद्यासाठी (बेने इस्राएलांच्या प्रार्थनेतला पोह्या-खोबऱ्याचा गोड नैवेद्य) खोबऱ्याच्या वाट्या आणल्या होत्या. सुकं खोबरं तेलामुळे पेट घेऊ शकतं, म्हणून ते विमानात नेता येत नाही. लोणचं हातातल्या बॅगेत द्रवपदार्थांच्या १०० मिलीच्या नियमात अडकतं. अशी वस्तू मुकाट्याने घेऊन मागे ठेवून जाणं वाईटच. बाई म्हणाल्या, "काकू, हे विमानात नेऊ देत नाहीत. निघण्याआधीच्या मलिद्यात किसून घालू, तुम्ही या." काकू आल्या.

पाकिटांची नोंद मात्र वहीत हवीच: नाव, रक्कम, तारीख. नातेवाईक नसलेल्यांकडून आर्थिक वर्षात मिळालेली रोख भेट एकूण ५०,००० रुपयांच्या वर गेली, तर सगळीच रक्कम करपात्र होते. ही वही परतफेडीच्या हिशेबासाठी वापरू नये, हे आम्ही त्यांना बजावून सांगितलं. पोहोचल्यावर पहिल्या महिन्यात प्रत्येकाला एक फोन, बस.

एका नातेवाइकाची मोठी रक्कम त्यांनी घेतली नाही, आणि ते योग्यच झालं. बंद घराची किल्ली त्या नातेवाइकाकडे राहील, अशी त्यामागे अट होती. अशा वेळी कारणांची यादी देत बसू नये, कारण प्रत्येक कारणावर वाद होतो. त्यांनी एवढंच सांगितलं: "मामा, घराचं आम्ही वेगळं ठरवलंय. निरोप द्यायला विमानतळावर मात्र नक्की या."