मुष्टियोद्धा जॅक जॉन्सनला खरंच थोर हेवीवेट विजेता म्हणावं का?

हो, पण एक डाग धरूनच. १९०८ मध्ये सिडनीत टॉमी बर्न्सला हरवून तो पहिला कृष्णवर्णीय हेवीवेट जगज्जेता झाला. १९१० मध्ये रेनोत, त्याला हरवण्यासाठीच निवृत्तीतून परत आणलेल्या गोऱ्या माजी विजेत्या जिम जेफ्रीजलाही त्याने लोळवलं. त्या निकालावरून अमेरिकेत दंगली उसळल्या, माणसं मेली. बचावात तर तो फारच पक्का. पण १९०६ मध्ये ज्याला हरवलं त्या सॅम लँगफर्ड या कृष्णवर्णीय मुष्टियोद्ध्याला, स्वतः विजेता झाल्यावर, त्याने किताबाची लढत कधीच दिली नाही. ज्या बंद दाराशी तो वर्षानुवर्षं ताटकळला, तेच त्याने दुसऱ्या कृष्णवर्णीयांसाठी जवळजवळ बंद ठेवलं. हे मला फार खुपतं. १९१३ मध्ये, स्त्रीला ‘अनैतिक हेतूने’ एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेल्याच्या आरोपावरून त्याला झालेली शिक्षा मात्र निव्वळ वर्णद्वेषातून होती. माफी मिळाली २०१८ मध्ये, मृत्यूनंतर सुमारे ७२ वर्षांनी.