असली पोरं

"मी त्याचा जीव वाचवायला धडपडते, आणि तो म्हणतो, तुला माझी लाज वाटते."

न्यू जर्सीत, न्यूअर्क शहराजवळ मी समुपदेशन करते. माझ्याकडे येणारी बरीच कुटुंबं कृष्णवर्णीय आहेत, आणि हे वाक्य मी अनेक आयांच्या तोंडून ऐकलं आहे. कधी वडिलांच्या, एकदा एका आजीच्या. आपल्याच मुलाला आपण नकळत स्वतःचा तिरस्कार करायला शिकवतोय का, ही त्यांच्या मनातली खरी भीती असते. इथे सांगते आहे ती गोष्ट एका आईची. त्यांच्या परवानगीने लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

त्या पन्नाशीला आलेल्या, रुग्णालयात नर्सेसच्या प्रमुख. शनिवारी सकाळी आल्या तेव्हाही अंगात कडक इस्त्रीचा ब्लेझर होता. मुलगा सोळा वर्षांचा. त्याने दोन वर्षांपासून लॉक्स वाढवले होते, म्हणजे केस पिळून घट्ट केलेल्या जटा. घरात नियम ठरलेले. दुकानात शिरताना हुडीची टोपी खाली, हात खिशाबाहेर. साधं च्युइंगगम घेतलं तरी पावती बाहेर पडेपर्यंत हातात. पोलिसांनी गाडी थांबवली तर दोन्ही हात स्टिअरिंगवर, आवाज खाली. या सूचना तिथल्या कृष्णवर्णीय घरांत मुलांना दिल्या जातात. त्यांना नुसतं 'द टॉक' म्हणतात, आणि कसलं बोलणं ते कुणाला विचारावं लागत नाही.

बिनसलं ते मात्र या नियमांवरून नव्हतं. एका संध्याकाळी त्या कामावरून आल्या तेव्हा मुलगा घरापुढच्या पायऱ्यांवर मित्रांबरोबर मोठमोठ्याने हसत बसला होता. त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, "आत ये. असल्या पोरांसारखं दिसायचंय का तुला?" त्या 'असल्या पोरां'तला एक जण बालवाडीपासून त्यांच्या स्वयंपाकघरात जेवत आलेला होता.

दुसऱ्या दिवसापासून मुलगा आईशी 'ऑफिसच्या आवाजात' बोलू लागला. बँकेशी, शाळेशी, गोऱ्या माणसांशी फोनवर बोलायचं ते स्वच्छ, घोटलेलं इंग्रजी त्यांनीच त्याला लहानपणी शिकवलं होतं. आता तेच तो स्वयंपाकघरात वापरत होता. "येस मॅम. मी सात वाजता परतेन. जेवणासाठी आभारी आहे." इंग्रजीत तू आणि आपण असा भेद नाही, पण त्यांनी त्याची नक्कल करून दाखवली तेव्हा माझ्या कानांना त्यातला 'आपण' स्पष्ट ऐकू आला. दोन महिने असंच चाललं होतं. उलट उत्तर नाही, आदळआपट नाही. आईने मागितलं होतं तेच तो तिला देत होता, तेही तिच्या घरात.

दुसऱ्या भेटीत मी चूक केली. 'आत भिनलेला वंशद्वेष' म्हणजे काय ते मी त्यांना समजावून सांगितलं. समाज ज्या नजरेने आपल्याकडे पाहतो ती नजर आपलीच होऊन बसते, मग आपण आपल्याच माणसांकडे तिने पाहू लागतो, वगैरे. त्यात खोटं काही नव्हतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हे मला सांगायला तुम्ही भारतातून आलात?" पुढचे तीन आठवडे त्या आल्या नाहीत.

माझ्या कामावर देखरेख करणाऱ्या ज्येष्ठ समुपदेशक स्वतः कृष्णवर्णीय आहेत. त्या म्हणाल्या, "तू तिला तिच्या आईविरुद्ध साक्ष द्यायला लावलीस. ती कशी देईल?"

चौथ्या आठवड्यात त्या परतल्या. मी आधी माफी मागितली. मग एवढंच विचारलं, "हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

तासभर त्या बोलत होत्या. आजी दक्षिण कॅरोलिनात गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी करायची. १९१० ते १९७० या काळात सुमारे साठ लाख कृष्णवर्णीय दक्षिणेतून उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या शहरांकडे गेले, त्यांतली ती एक. न्यूअर्कला आली ती एक ट्रंक आणि एक शिकवण घेऊन: आपल्याला दुप्पट चांगलं असावं लागतं, तेव्हा कुठे अर्धं हाती पडतं. शनिवारी रात्री गॅसवर लोखंडी फणी तापवून नातींचे केस सरळ केले जायचे. कान भाजला तरी हलायचं नाही, कारण सकाळी चर्च. बहीण रंगाने उजळ, तिचे केस मऊ. त्यांना घरात 'चांगले केस' म्हणत. यांचे केस कसले, ते कुणी बोलून दाखवत नसे. एक मावशी उन्हात खेळू द्यायची नाही.

आणि मग १९६७. जुलैत एका कृष्णवर्णीय टॅक्सीचालकाला पोलिसांनी मारहाण केली आणि न्यूअर्क पेटलं. २६ माणसं गेली, बहुतेक कृष्णवर्णीय. त्यांची आई तेव्हा तरुण होती. खिडकीखाली गादी टाकून ती चार रात्री जमिनीवर झोपली. "माझ्या आईच्या इस्त्रीत हे सगळं होतं," त्या म्हणाल्या. मी वहीत तेवढंच लिहून घेतलं.

या शिकवणीला मोठा इतिहास आहे, आणि त्याकडे तुच्छतेने पाहणाऱ्यांशी माझं पटत नाही. नॅनी हेलन बरोज यांनी १९०९ मध्ये वॉशिंग्टनला कृष्णवर्णीय मुलींसाठी शाळा काढली. बायबल, आंघोळ आणि झाडू हे तिथलं ब्रीद. गुलामी संपून अर्धं शतकही झालं नव्हतं, आणि कृष्णवर्णीय बाई अस्वच्छ, चारित्र्यहीन असते असं वर्तमानपत्रं बिनदिक्कत छापत. त्या काळात ताठ कण्याने, पांढऱ्याशुभ्र कॉलरीत रस्त्यावरून चालणं हीसुद्धा बंडखोरी होती. इतिहासकार एव्हलिन ब्रूक्स हिगिनबॉथम यांनी १९९३ मध्ये याला 'सभ्यपणाचं राजकारण' म्हटलं, आणि त्याच्या दोन्ही बाजू दाखवल्या: त्यातून बायकांना बळ मिळालं, आणि आपल्यातल्याच गरीब, मोकळ्याढाकळ्या बायकांकडे बोट दाखवण्याची सवयही लागली.

क्लॉडेट कॉल्विनचं काय झालं ते पाहा. मार्च १९५५ मध्ये अलाबामातल्या मॉन्टगोमेरीच्या बसमध्ये या पंधरा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलीने गोऱ्या प्रवाशासाठी जागेवरून उठायला नकार दिला, अशाच नकारासाठी प्रसिद्ध झालेल्या रोझा पार्क्स यांच्या नऊ महिने आधी. बसमधल्या भेदभावाविरुद्ध लढणाऱ्या पुढाऱ्यांनी तिला आंदोलनाचा चेहरा केलं नाही. वय लहान, वस्ती गरीब, स्वभाव तापट, पुढे तिला दिवसही गेले. आपला रंग गडद होता हेही एक कारण होतं, असं तिने स्वतः नंतर सांगितलं आहे. बसमधला भेदभाव ज्या खटल्याने १९५६ मध्ये संपवला, त्यातल्या चार फिर्यादी बायकांत मात्र ती होती. पुढाऱ्यांचा हिशेब मला कळतो. तिच्या जागी माझी मुलगी असती तर मी तो माफ केला असता का, ते सांगता येत नाही.

एका भेटीत केसांचा विषय निघाला. २०१८ च्या डिसेंबरात न्यू जर्सीतच एका शाळकरी कुस्तीपटूला गोऱ्या पंचाने सांगितलं होतं, जटा काप नाहीतर सामना सोड. मॅटशेजारी, सगळ्यांदेखत, कात्रीने त्याचे केस कापले गेले. तो सामना जिंकला, पण त्याचा चेहरा ज्यांनी पाहिला ते विसरले नाहीत. वर्षभराने, त्याच तारखेला, केसांवरून भेदभाव करायला बंदी घालणाऱ्या कायद्यावर राज्यात सही झाली. त्या म्हणाल्या, "तो व्हिडिओ पाहिला तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं सांगू? मनात आलं, वाढवलेच कशाला होते याने?" मग बराच वेळ त्या आपल्या हातांकडे बघत राहिल्या. दुसऱ्या भेटीत मी शब्द शिकवून जे दाखवू शकले नव्हते, ते त्यांना स्वतःला दिसलं होतं.

पुढे त्याच म्हणाल्या, "फिलँडो कॅस्टिलने 'सर' म्हटलं होतं." मिनेसोटात २०१६ मध्ये पोलिसाने गाडी थांबवल्यावर, आपल्याकडे बंदूक आहे हे या कृष्णवर्णीय कॅस्टिलने अदबीने, आपणहून सांगितलं, तिचा परवानाही त्याच्याकडे होता. शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणारा माणूस. गाडीत मागे लहान मुलगी बसलेली असताना त्याला गोळ्या घातल्या गेल्या. "सगळं बरोबर केलं त्याने. मग मी माझ्या पोराला शिकवू काय?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि आजही नाही. मी तसं सांगितलं.

त्या दिवशी मी त्यांना माझ्या वडिलांबद्दल थोडं सांगितलं. आमच्या कामात स्वतःबद्दल बोलताना फार जपावं लागतं, म्हणून दोनच मिनिटं. नागपुरातल्या इंदोऱ्यातलं घर. वडील बारा वर्षांचे असताना, १४ ऑक्टोबर १९५६ ला, दीक्षाभूमीवर आजोबांच्या खांद्याला धरून उभे होते. शाळेत असताना ते तांब्यात निखारे घालून सदऱ्याला इस्त्री करायचे. आम्हा भावंडांना सांगायचे, वस्तीतली बोली घरी ठेवून शाळेत जायचं, आपल्यामुळे समाजाला नाव ठेवायला जागा मिळता कामा नये. आणि शेजारच्या घरातून भांडणाचा आवाज आला की दार लावून घेत म्हणायचे, अशांमुळे आपण मागे राहतो. त्यांच्या सदऱ्याचा मला अभिमान वाटतो. त्या लावलेल्या दाराची आठवण झाली की अजून पोटात कालवतं, कारण शेजारच्या घरातली मुलगी माझी मैत्रीण होती.

त्यांना सांगितलं नाही, पण इथे लिहिते. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी बायकांना सांगितलं होतं की अस्पृश्य म्हणून ओळख पटवणारी लुगड्याची पद्धत आणि ते जाडजूड दागिने सोडा. कुणी याला तेच सभ्यपणाचं राजकारण म्हणेल. मला तसं वाटत नाही. चवदार तळ्याचं पाणी त्याआधी नऊ महिने, २० मार्चलाच पिऊन झालं होतं. आधी नीट दिसा, मग पाणी मागा, असा तो क्रम नव्हता. हा क्रम मी कामात फार जपते. आईने मुलाला शर्ट नीट घाल म्हणण्यात काही वाईट नाही. शर्टावर त्याची किंमत ठरते असं त्याला वाटू लागलं, तर मात्र घात होतो.

पुढचं आमचं काम दिसायला अगदी साधं होतं. घरातलं एकेक वाक्य घ्यायचं आणि विचारायचं, हे धोक्याबद्दल आहे की मुलाबद्दल? "पावती हातात ठेव" हे धोक्याबद्दल. "गुंडासारखा दिसतोस" हे मुलाबद्दल. दुसऱ्या प्रकारचं वाक्य तोंडावर आलं की त्यामागची भीती उघड बोलून दाखवायची: "त्यांचं चुकतं. तुझ्या केसांत काही वाईट नाही. पण मला भीती वाटते, म्हणून सांगते." कृष्णवर्णीय कुटुंबांवर या विषयात पुष्कळ संशोधन झालं आहे. धोक्याच्या सूचनेला आपल्या माणसांच्या अभिमानाची जोड मिळते तेव्हा मुलं ती पेलतात, नुसती सूचना जड जाते, हे मीही पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९४० च्या सुमारास लहान कृष्णवर्णीय मुलांपुढे गोरी आणि सावळी बाहुली ठेवून विचारलं होतं, छान कुठली, वाईट कुठली, तुझ्यासारखी कुठली. बहुतेकांना गोरी छान वाटली. शेवटच्या प्रश्नाला काही मुलं रडत खोलीबाहेर गेली. 'तुझ्यासारखी कुठली' हा प्रश्न त्या पायऱ्यांवरच्या मुलालाही पडला असणार.

मुलगा एकदाच आला. खुर्चीत ताठ बसून ऑफिसच्या आवाजात म्हणाला, "माझा मित्र माझ्याइतकाच उंच आहे. आमची हुडी एकाच दुकानातली. मॅमना तो ज्या प्रकारचा वाटतो, त्याच प्रकारचा मी आहे, हे त्यांच्या लक्षात यावं एवढीच विनंती." आई काही बोलली नाही. समजावायला गेली नाही, याचं मला फार बरं वाटलं.

त्या रविवारी त्यांनी त्या मित्राला जेवायला बोलावून मुलासमोर त्याची माफी मागितली. मित्र संकोचून म्हणाला, त्यात काय, माझी आईपण असंच म्हणते. कुणाबद्दल, असं विचारल्यावर त्याने पलीकडच्या गल्लीतल्या तिसऱ्याच मुलाचं नाव घेतलं. हे मला सांगताना त्यांचा आवाज कापत होता. "म्हणजे असली पोरं कुणाच्याच घरात राहत नाहीत," त्या म्हणाल्या. "ती नेहमी पुढच्या गल्लीत."

केसांबद्दल त्यांचं मत फारसं बदललेलं नाही. जटा त्यांना आवडत नाहीत, आणि हुडीची टोपी अजून खाली करायला लावतात. मीही त्यावर जोर दिला नाही. वसंतात एकदा संध्याकाळी त्या गाडी चालवत असताना मुलाचा दुकानातून फोन आला. दोन महिन्यांचे एव्हाना सात झाले होते. तो त्रासलेला होता, आणि ते स्वच्छ घोटलेलं इंग्रजी विसरून वस्तीतल्या भाषेत, अर्धे शब्द गिळत बोलत होता: "पावती हातात हाय. झालं ना आता, मॉम?"

त्याचं व्याकरण सुधारायला शब्द त्यांच्या ओठांपर्यंत आले होते. त्यांनी गाडी कडेला घेतली, थोडा वेळ थांबल्या, आणि म्हणाल्या, "येताना दूध आण."