‘बाबा गेलेत’ हे स्वप्नातच आठवलं

प्रश्न : नमस्कार ताई. मी 29 वर्षांचा, कोपरखैरण्याला राहतो. बाबांना जाऊन दीड वर्ष झालं. ते ठाण्याला नोकरीला होते आणि माझं कॉलेजही ठाण्यालाच, त्यामुळे संध्याकाळी आम्ही एकाच गाडीनं घरी यायचो. हल्ली पहाटे एक स्वप्न पडतं. ठाण्याचा दहा नंबर प्लॅटफॉर्म, गाडी उभी, बाबा खिडकीशी, मांडीवर पेपर. इंडिकेटरवर ‘वाशी’ दिसतं, पुन्हा बघावं तर भलतीच अक्षरं. मग आठवतं, बाबा तर गेलेत, म्हणजे हे स्वप्न आहे. छाती धडधडते आणि जाग येते. याला ल्युसिड ड्रीमिंग म्हणतात असं कळल्यापासून, तीन आठवडे, मी रोज पहाटे चारचा गजर लावून पुन्हा झोपतोय. हॉस्पिटलमधल्या त्यांच्या शेवटच्या रात्री मी घरी झोपायला आलो होतो, त्याबद्दल त्यांना विचारायचंय. ते जे सांगतील ते त्यांचं असेल, की माझ्या अंतर्मनाचं?

उत्तर : माझ्या मुलाच्या वयाचा आहेस, म्हणून अरे-तुरे करते. शेवटच्या रात्रीबद्दलचं तुझं वाक्य मी तीनदा वाचलं. त्याच्याकडे येतेच.

तुला पडतं ते सजग स्वप्नच, म्हणजे ल्युसिड ड्रीम. हे इंग्रजी नाव डच मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक व्हान एडन यांच्या 1913 च्या लेखापासून रूढ झालं. पण झोपलेल्या माणसाला ‘मी स्वप्नात आहे’ हे खरंच कळतं, याला पुरावा काय? तो 1975 मध्ये इंग्लंडमधल्या हल इथे कीथ हर्न यांनी मिळवला. स्वप्नं रंगतात त्या आरईएम झोपेत हातपाय लुळे पडलेले असतात, डोळे मात्र हलत असतात. ॲलन वर्स्ली या गृहस्थांनी ठरल्याप्रमाणे स्वप्नातूनच डोळे डावी-उजवीकडे फिरवले आणि ती खूण यंत्राच्या कागदावर उमटली. 2021 मध्ये तर झोपलेल्यांना साधी वजाबाकी विचारली गेली आणि काहींनी डोळ्यांनीच बरोबर उत्तर दिलं. मला हे वाचून फार आनंद झाला होता. इंडिकेटरचंही तसंच, स्वप्नातली अक्षरं दुसऱ्यांदा वाचायला गेलं की बदललेली असतात. तू ते अचूक हेरलंस.

आता अंतर्मन. स्वप्नात तुला शुद्ध येते, पण ती गाडी, तो पेपर, बाबांची बसायची लकब तू ठरवून आणत नाहीस. ते सगळं मनाच्या अशा थरातून येतं जिथे आपला हुकूम चालत नाही. सजग झाल्यावरही आपण तिथे पाहुणेच असतो.

माझाच अनुभव सांगते. आई गेल्यानंतरच्या दिवाळीत मला आमचं नौपाड्यातलं जुनं स्वयंपाकघर दिसलं. आई चकलीची भाजणी भाजत होती. हे स्वप्न आहे हे मला कळलं आणि मी घाईनं विचारलं, “आई, डाळी किती नि तांदूळ किती?” ती म्हणाली, “अगं, मी मोजते कुठे? अंदाजानं घालते.” जन्मभर ती मला हेच सांगत आली होती. प्रमाण मला ठाऊकच नव्हतं, तर स्वप्नातली आई ते देणार कुठून? पण त्या स्वप्नात तिच्या करंगळीवर भाजल्याचा एक पांढरा डाग होता. तो मी पार विसरून गेले होते. उठल्यावर जुना फोटो काढून बघितला, डाग होता.

तेव्हा तुझे बाबा स्वप्नात जे बोलतील ते तुझ्याच आठवणीतून, तुझ्याच मायेतून आणि तुझ्याच भीतीतून येईल. ते रागावले, तर तो त्यांचा निवाडा समजू नकोस. तुझ्या मनाला लागलेली टोचणी त्यांच्या आवाजात बोलतेय. “जाऊ दे रे” म्हणाले, तर खुशाल रडून घे, पण तीही त्यांची साक्ष नव्हे. त्या रात्री त्यांच्या उशाशी कोण होतं, ते तू लिहिलं नाहीस. आई असेल, काका असतील. बाबा काय बोलले, तुझी आठवण काढली का, हे त्यांना जागेपणी विचार. मला वाटतं, दीड वर्षात तू ते विचारलेलं नाहीस.

चारचा गजर आजच बंद कर. पहाटेकडे आरईएमचे टप्पे लांबत जातात म्हणून ती युक्ती चालते, हे खरं. पण आधीच दुःखात असलेल्या माणसानं रोज झोप मोडणं मला मुळीच पसंत नाही. तुला तर हे स्वप्न आपसूक पडतंय. फार वाटलं तर आठवड्यातून एकदा, सुट्टीच्या आदल्या रात्री लाव. दिवसाही हे स्वप्न की खरं असा गोंधळ व्हायला लागला, किंवा झोपेचीच धास्ती वाटू लागली, तर मात्र मानसोपचारतज्ज्ञांना भेट.

पुढच्या वेळी धडधडायला लागलं की स्वप्नातच दोन्ही तळहात एकमेकांवर चोळ. बऱ्याच जणांना त्यानं स्वप्नात टिकून राहता येतं. मग बाबांना काहीच न विचारता शेजारी बस. शर्ट कुठला घातलाय, पेपरचं कुठलं पान उघडलंय ते बघ. ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, जितकं जाता येईल तितकं त्यांच्याबरोबर जा. आणि जाग आली की अंथरुणातच वहीत लिहून ठेव, चहा होईपर्यंत निम्मं विरून जातं.