शंभराच्या पुढचा आवाज

प्रश्न: लिनक्सवर आवाज १५० टक्क्यांपर्यंत चढतो, पण मग गाणं फाटतं. स्पीकर गेला का?

बहुधा नाही. पल्सऑडिओ आणि पाइपवायर या लिनक्सचा आवाज सांभाळणाऱ्या यंत्रणांमध्ये १०० टक्के म्हणजे सहसा शून्य डेसिबल, म्हणजे सिग्नल आला तसा पुढे जातो. त्यापुढे सॉफ्टवेअर तो फुगवतं. आणि १५० म्हणजे दीडपट नव्हे! ही पट्टी घनाच्या हिशेबानं (१.५ × १.५ × १.५) चालते, त्यामुळे लाटेची उंची जवळपास ३.४ पट होते, सुमारे साडेदहा डेसिबल. आजची बहुतेक गाणी मुळातच कमाल पातळीला टेकलेली असतात. १६ बिटांत ३२७६७ च्या वरचा आकडा बसत नाही, म्हणून लाटेचे शेंडे सपाट छाटले जातात. फाटतं ते इथं. छाटलेला शेंडा पुढे स्पीकरचा आवाज कमी करून परत येत नाही. म्हणून माझा आग्रह आहे, संगणकावर १०० च्या आत राहा, वाढवायचं ते अँप्लिफायरवर वाढवा.

प्रश्न: मर्यादा कायमची कशी घालायची?

ग्नोम डेस्कटॉपच्या सेटिंगमध्ये ओव्हर-अँप्लिफिकेशन (१०० च्या पुढे जाण्याची मुभा) बंद ठेवा, केडीई डेस्कटॉपवर कमाल आवाज वाढवण्याचा पर्याय बंद ठेवा. आय-थ्री किंवा स्वे हे विंडो मॅनेजर वापरत असाल तर आवाजाची बटणं कोणती आज्ञा चालवतात ते बघा. पीएसीटीएल ही आवाज बदलणारी आज्ञा १०० ला आपणहून थांबत नाही. पाइपवायर असेल तर त्याच्या डब्ल्यूपीसीटीएल या आज्ञेत मर्यादेचा ‘वजा एल’ पर्याय लिहून पुढे १.० (म्हणजे १०० टक्के) द्या. ही मर्यादा त्या बटणापुरतीच, मिक्सरची पट्टी हातानं ओढली तर ती ओलांडली जाते. प्लेअरही तपासा. एमपीव्ही हा प्लेअर स्वतःच १३० पर्यंत जातो, त्याच्या कॉन्फिगमध्ये व्हॉल्यूम-मॅक्स १०० करा.

प्रश्न: १०० वरच आहे, तरी बेस आला की घरघर होते.

इक्वलायझर लावलाय? बेस ६ डेसिबलनं वाढवला असेल तर इक्वलायझरचा इनपुट तेवढाच खाली घ्या. इझी इफेक्ट्स या अॅपमध्ये सगळ्यात शेवटी लिमिटर (ठरलेल्या पातळीवर आवाज अडवणारा) ठेवा, थ्रेशोल्ड म्हणजे ती पातळी वजा १ डेसिबल. इक्वलायझर नसेल तर तेच गाणं हेडफोनवर ऐका. तिथं स्वच्छ वाजलं तर लॅपटॉपच्या चिमुकल्या स्पीकरला तो बेस झेपत नाही. घरघर जिथं थांबते तो आकडा शोधा आणि ‘वजा एल’पुढे १.० ऐवजी तोच लिहा, उदाहरणार्थ ०.७.

प्रश्न: चित्रपटातले संवाद इतके हळू असतात की १०० ओलांडावंच लागतं.

ही अडचण खरी आहे, पण सगळंच फुगवलं की स्फोट आणि संगीत फाटणार. इझी इफेक्ट्समधला कंप्रेसर लावा. तो मोठे आवाज दाबतो, मग मेकअप गेननं, म्हणजे दाबल्यानंतर सगळा आवाज पुन्हा उचलून, संवाद वर आणता येतात. लिमिटर त्याच्यानंतरच हवा.