पगार ७२ हजार, मग गृहकर्ज २८ लाखच का?

प्रश्न : मी ३८ वर्षांचा असून पुण्यात खासगी नोकरी करतो. दरमहा ७२,००० रुपये हातात येतात. मोटारीच्या कर्जाचा ११,५०० रुपयांचा हप्ता चालू असून असे १४ हप्ते बाकी आहेत. पत्नी जेवणाचे डबे पुरवते. त्यातून महिन्याला पंधरा हजार सुटतात. हडपसरला ५५ लाखांची सदनिका पसंत केली आहे. आजवर एकही हप्ता थकवलेला नसताना बँक २८ लाखांपुढे जायला तयार नाही. बँकेचे काही चुकते आहे का?

उत्तर : बँकेचे चुकलेले नाही. हप्ते वेळेवर भरल्यामुळे आपला सिबिल स्कोअर, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासावरून मिळणारे गुण, चांगला असणार आणि त्यामुळेच अर्ज विचारात घेतला गेला. कर्जाची रक्कम मात्र दोन वेगळ्या हिशेबांवरून ठरते आणि त्यांतली जी कमी, तीच मंजूर होते. पहिला हिशेब घराच्या किमतीचा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० ते ७५ लाखांच्या दरम्यानचे कर्ज किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत देता येते, म्हणजे आपल्याला ४४ लाख. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचे सुमारे चार लाख या किमतीत धरले जात नाहीत. ते स्वतःलाच उभे करावे लागतात.

आपली गाडी अडली आहे ती दुसऱ्या हिशेबात. हाती येणाऱ्या पगाराचा साधारण निम्मा भाग सर्व हप्त्यांना मिळून जावा, असे बँकेने धरलेले दिसते. निम्मे म्हणजे ३६,०००. त्यातून मोटारीचा हप्ता वजा जाता २४,५०० उरतात. साडेआठ टक्के दराने वीस वर्षांसाठी लाखामागे ८६८ रुपये हप्ता बसतो, म्हणून २८ लाख. मोटारीचे कर्ज आजच फेडले, तर हाच आकडा ४१ लाखांवर जातो. जेमतेम दीड लाखाची बाकी आपले तेरा लाख अडवून बसली आहे!

वहिनींची कमाई कष्टाची आहे, पण कागदावर नसल्यामुळे बँक ती धरत नाही. डब्यांचे पैसे त्यांच्याच खात्यात जमा होऊ द्या आणि प्राप्तिकर विवरणपत्र भरायला लागा; दोन-तीन वर्षांची विवरणपत्रे झाली, की सहअर्जदार म्हणून त्यांचे उत्पन्नही मोजले जाईल.

तरीही पूर्ण ४१ लाख उचलू नयेत, असे मी कळकळीने सांगेन. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो) ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला, तेव्हा बदलत्या दराच्या कर्जदारांची किती ओढाताण झाली, ते अनेकांनी अनुभवले आहे. आपला दर साडेदहा टक्के झाला आणि मुदत तीच ठेवली, तर ३५,६०० चा हप्ता ४०,९०० होईल. मुलांची फी, आईवडिलांची औषधे बँकेच्या हिशेबात येत नाहीत, ती आपल्याच हिशेबात धरावी लागतात. ३५ लाखांचा साधारण ३०,४०० रुपयांचा हप्ता आपल्याला झेपेल. मात्र त्यासाठी मोटारीची बाकी फेडूनही शुल्कासह सुमारे २४ लाख स्वतःजवळ हवेत. ते नसतील, तर थोडी लहान सदनिका पाहावी.