वाचकांचे प्रश्न : बिनतारी हेडसेट पारखताना

प्रश्न : शिवाजी उद्यमनगरात माझं लेथचं वर्कशॉप आहे. हात तेलकट असतात, म्हणून ब्लूटूथ हेडसेट घ्यायचाय. दुकानात गाणी लावून दाखवतात, आवाज झकास येतो. पण शेजाऱ्याने घेतलाय, त्याचं बोलणं गिऱ्हाइकाला कळतच नाही. काय तपासावं?

उत्तर : गाण्यावरून कॉलची पारख होत नाही. कॉल लागला की हेडसेट माइकसकट वेगळ्या पद्धतीवर जातो आणि दर्जा उतरतो. जुन्या पद्धतीत आवाजाचे सेकंदाला 8,000 नमुने घेतात; 4,000 हर्ट्झच्या वरचं सगळं गळतं. 'स'चा बराचसा जोर त्याच्याही वर असतो, म्हणून 'साठ'चं 'आठ' ऐकू येतं. 16,000 नमुन्यांचा, म्हणजे वाइडबँड किंवा एचडी व्हॉइसचा हेडसेट मागा. मात्र फोनलाही ती सोय हवी.

खोक्यावरच्या 'एएनसी'ला, म्हणजे गोंगाट दाबण्याच्या सोयीला, भुलू नका. त्याने तुमच्या कानातला गोंगाट कमी होतो, गिऱ्हाइकाच्या नाही. त्याच्यासाठी माइक तोंडाजवळ लागतो. अंतर निम्मं केलं की तुमचा आवाज सुमारे 6 डेसिबलने वाढतो, यंत्राचा आहे तेवढाच राहतो. त्यामुळे वर्कशॉपात कानातल्या बोंडांपेक्षा दांडीवाला हेडसेटच बरा, दिसायला कसाही असो. दांडी ओठांच्या कोपऱ्याशी, दोन बोटं लांब ठेवा. अगदी समोर धरली तर 'फ', 'भ'ला फुंकर बसते.

दुकानदाराशी बदलून देण्याची बोली आधीच करा. मग लेथ चालू ठेवून कॉल लावा, पलीकडच्याला कागद-पेन घेऊन बसवा आणि वीस मापं सांगा : साठ, आठ, सात, एकसष्ट, एकाहत्तर. तो "हां, हां" म्हणतो त्यावर जाऊ नका, कागद बघा. दोन मापं जरी चुकली तरी परत करा.

बोंडंच घेणार असाल तर डबीत लोहचुंबक असतो, त्याला लोखंडाचा कीस चिकटतो. पिनांवर कीस बसला की एक बोंड चार्जच होत नाही. चिकटपट्टी दाबून उचला, मग कोरडा ब्रश फिरवा. टाचणी घालू नका.

प्रश्न : शाहू मार्केट यार्डात गुळाचा व्यापार आहे, मोबाइल दोन. एका हेडसेटवर भागेल का? मित्राचा हेडसेट आत नीट चालतो, बाहेर पटांगणात तुटतो, तो का?

उत्तर : भागेल, पण 'मल्टिपॉइंट', म्हणजे एकाच वेळी दोन्ही फोन जोडलेले राहण्याची सोय, लिहिलेलं हवं. नुसते दोन फोन पेअर होणं वेगळं. एकावर बोलताना दुसऱ्यावर रिंग द्या आणि कुठल्या बटणाने पहिला कॉल होल्डवर जातो ते बघून घ्या. काहींत तो कटच होतो.

तुटण्याचं म्हणाल तर ब्लूटूथच्या 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरी अंगातलं पाणी शोषून घेतं. आत भिंतींवरून परतून त्या कानापर्यंत पोचतात, मोकळ्यावर परतायला काही नसतं. हेडसेट उजव्या कानात असेल तर फोन उजव्या बाजूला, शक्यतो वरच्या खिशात ठेवा.