‘किमान दहा वर्षांपर्यंत’ आणि अंमल

‘अंमली पदार्थांच्या कटात किमान दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी’ या मथळ्यात काही चुकलंय का, असं दादरच्या एका वाचकाने विचारलंय. चुकलंय, आणि हल्ली रोज चुकतंय. ‘किमान’ खालची हद्द सांगतो, ‘पर्यंत’ वरची. १९८५च्या अंमली पदार्थांविरुद्धच्या कायद्यात दोन्ही शिक्षा आहेत, पण वेगवेगळ्या. एमडी, म्हणजे मेफेड्रोन हा अंमली पदार्थ, ५० ग्रॅमहून जास्त असेल तर शिक्षा १० वर्षांपेक्षा कमी नाही, २०पर्यंत जाऊ शकते. न्यायाधीशाला वर जाता येतं, खाली उतरता येत नाही. कटात असणाऱ्यालाही कलम २९ने तीच शिक्षा, मग माल त्याच्या खिशात सापडो वा न सापडो. ‘दहा वर्षांपर्यंत’ ही शिक्षा आहे २ ग्रॅमच्या वर पण ५०च्या आत असलेल्या मालासाठी. म्हणजे मथळा लिहिणाऱ्याने आरोपीला एकाच वेळी दोन पोटकलमांखाली आत टाकलं!

असो. मथळ्यात खरा मोलाचा शब्द आहे ‘अंमली’. याला ‘अम्ल’, म्हणजे आंबट, याच्याशी जोडणारे विद्वान अजून भेटतात. त्यांनी ताकाने चढते का ते बघावं. अरबी ‘अमल’ म्हणजे काम, कृती. फारसीतून आपल्याकडे आला तो कारभार होऊन, मग सत्ता: पेशव्यांचा अंमल. भांगेचा चढतो तोही अंमलच. ‘अंमलबजावणी’तली बजावणी फारसी ‘बजा आवर्दन’ची, म्हणजे जागेवर आणणं, पार पाडणं; घंटा वाजवण्याशी तिचा काडीचा संबंध नाही. तेव्हा पोलीस अंमलदार अंमली पदार्थ पकडून कायद्याची अंमलबजावणी करतो, हे एकाच शब्दाचं तिहेरी राज्य आहे.

पण सत्तेवरून नशेवर अर्थ गेला कसा? ‘मनावर राज्य करते ती नशा’ हे उत्तर सगळे देतात. मला ते फार गोड वाटतं, म्हणून पटत नाही. मारवाडीत ‘अमल’ म्हणजे सरळ अफू. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जायची, आणि त्या धंद्यात मारवाडी, गुजराती पेढ्या होत्या. चढण्याचा अर्थ आपल्याकडे आधीपासून असेल. पण ‘अंमली’ला पदार्थाचं रूप गोदीतल्या पेट्यांनी दिलं, असा माझा तर्क आहे. कोशकार हसतील. हसोत, त्यांनी पेढ्यांच्या वह्या कधी उघडल्या?